पाव फेरी आणि नऊ थाऊ

उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरायची तर आधी ती प्रेसवर डाय नावाच्या साच्यात दाबून मापावर आणावी लागते. माझ्या डायच्या खोक्यातल्या पत्रकात एकच ओळ होती. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) पूर्ण वर न्या, डाय शेल होल्डरला (रॅमच्या टोकाशी पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत फिरवा, रॅम खाली घ्या, डाय आणखी पाव फेरी आत घाला आणि लॉक रिंग (डाय जागेवर धरणारी कडी) आवळा. त्या ओळीपायी माझ्या पन्नास पुंगळ्या मोडीत गेल्या, तीन शनिवार-रविवार तळघरात गेले, आणि अजूनही ते पत्रक दिसलं की माझं डोकं तापतं. म्हणून हे लिहितेय.

मी कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल चालवली तेवढीच ओळख. ते काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण प्रायमरचं, म्हणजे ठिणगी पाडणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. आमच्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्य जिंकलं ते याच जातीच्या काडतुसावर. आता मी पेन्सिल्व्हेनियात असते आणि क्लबच्या २०० यार्डांच्या रेंजवर .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल चालवते, म्हणजे काडतुसामागचा बोल्ट हातानं सरकवून बंद करायची. हिच्या काडतुसाचा प्रायमर बुडाच्या मध्यभागी असतो, तो काढून नवा बसवता येतो, आणि स्वतःपुरती काडतुसं भरायला इथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात वाचणाऱ्यांनी मात्र हे नुसतं वाचावं. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

प्रेस टेबलाला बोल्टनं आवळणं, पुंगळ्या धुणं, २.००५ इंचांवर कापणं, प्रायमर बसवणं, हे सगळं आठवड्याभरात हातात बसलं. अडलं ते सायझिंग डायपाशी.

गोळी सुटली की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मापाची होते. डाय तिला पुन्हा आवळते, म्हणजे अंग बारीक करते, मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) आवळते आणि खांदा (मानेखालचा उतार) मागे ढकलते. तो खांदा किती मागे जावा, यावर सगळा खेळ आहे. बोल्ट रायफलला इंचाचे दोन हजारांश, म्हणजे दोन थाऊ पुरतात. आपोआप भरणाऱ्या रायफलींना तीन-चार द्यावे लागतात. पत्रकात यातलं अक्षरही नव्हतं.

तिसऱ्यांदा वापरलेल्या पुंगळ्या पुसताना एकीवर, बुडापासून साधारण दोन सूत वर, एक चकचकीत रेघ दिसली. पूर्ण गोल, जणू कुणी सुईनं ओढलीय. मी कागदाची पिन सरळ केली, टोक वाकवून कानशीनं अणकुचीदार केलं आणि आतून बुडापासून वर ओढलं. गुळगुळीत भिंतीवरून येता येता टोक टचकन अडलं. बाहेर रेघ, आत खाच. पन्नासमध्ये अशा चार निघाल्या. बाकीच्याही तितक्याच वेळा तशाच दाबलेल्या, म्हणून मी सगळ्या पक्कडीनं चेपून मोडीत टाकल्या. तुमच्याकडे एक जरी सापडली तरी तेच करा. पुढच्या बारात ती तिथेच तुटू शकते आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

डाय बनवणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक जण आला, त्यानं तीच ओळ मला वाचून दाखवली आणि पुंगळ्याच खराब असतील म्हणाला. मी विचारलं, पाव फेरीत खांदा किती मागे जातो? त्याचं उत्तर, पाव फेरीच द्यायची असते.

रात्री आबांना फोन झाला. आबांनी कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलाय. काडतुसाचं त्यांना काही माहीत नाही. त्यांनी विचारलं, "इंचाला आटे किती त्या डायला?"

"चौदा."

"मग एका फेरीला एकाहत्तर थाऊ झाले की. पाव फेरीला अठरा. आणि मापलंस काय तू? अंदाजानं कशाला फिरवतीस?"

मी मापलं नव्हतं. पत्रक मापायला सांगतच नाही. दुसऱ्या दिवशी बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घेणारा कंपॅरेटर मागवला. कॅलिपरच्या जबड्याला लावायचं एक बुश असतं, .३०८ साठी त्याचं भोक .४०० इंचाचं, ते खांद्यावर टेकतं. त्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नका, आपल्याच आधीच्या आणि नंतरच्या मापांतला फरक तेवढा बघा. माझी वापरलेली पुंगळी १.६३१ इंच. डायमधून काढलेली १.६२२. शेल होल्डर डायला अडवतो, त्यामुळे अठराचे अठरा खांद्यावर जात नाहीत, प्रेसची ढिलाई काढण्यात बरेच संपतात. तरी नऊ थाऊ! दर बाराला पितळ तेवढं ताणलं जात होतं. पुढचा भाग चेंबरला चिकटतो, जाड बूड मागे बोल्टपर्यंत सरकतं, आणि मधली भिंत ओढली जाऊन पातळ होते. ती रेघ तिथली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: जुना प्रायमर काढून मगच मोजा. तो किंचित बाहेर आलेला असला की माप फसवतं. माझा पहिला अख्खा तक्ता त्यामुळे वाया गेला.

मग डाय अर्धी फेरी मागे घेतली आणि नव्या पुंगळ्यांच्या डब्यातली, एकदा उडवलेली एक आत घातली. माप १.६३३. डायमधून निघालेली पुंगळी लांब झालेली! कॅलिपर शून्यावर आणला, बुश काढून परत बसवलं, दुसरी घेतली, तिसरी घेतली. १.६३३, १.६३३. सगळा शनिवार मी कॅलिपरवर संशय घेत बसले. रविवारी डोक्यात आलं. डाय आधी अंगाला धरते, पितळ दाबलं की जागा शोधत वर सरकतं, आणि डायचा खांदा अजून टेकलेला नसतो. म्हणून खांदा मागे जायच्या आधी पुढे येतो. अशी अर्धवट काढलेली पुंगळी चेंबरात न काढलेल्या पुंगळीपेक्षाही घट्ट बसते. हे कळलं तेव्हा तळघरात मी एकटीच मोठ्यानं "हां!" म्हणाले.

पुढचं काम निव्वळ चिकाटीचं. डायवर आणि प्रेसवर मार्करनं रेघ मारली. पाच अंश फिरवलं की एक थाऊ. फिरवायचं, पुंगळी काढायची, पुसायची, मोजायची. १.६३२, १.६३१, १.६३०. अखेर १.६२९, म्हणजे १.६३१ पासून हवे तेवढे दोन थाऊ मागे. लॉक रिंग आवळली आणि पुढची १.६२७ आली, कारण आवळताना डाय हलली. रिंग आवळायची ती पुंगळी आत असताना, रॅम पूर्ण वर ठेवून, म्हणजे डाय आट्यांत दाबून बसलेली असते.

तरीही मापं एक-दोन थाऊनं नाचत होती. मानेच्या आत वंगणाचं मेण लावलं नव्हतं, त्यामुळे बाहेर निघताना डायमधला, मान आतून मापात आणणारा गोळा मान ओढून खांदा पुढे आणत होता. मानेत कापसाच्या काडीनं पुसट मेण लावल्यावर ते थांबलं. अंगाला मेण बेताचं लावा. खांद्यावर साचलं तर पितळात खळगे पडतात, आणि अंगाला कमी पडलं तर पुंगळी डायमध्येच अडकते, मग तिला भोक पाडून आटे कापून ओढावं लागतं. एकदा उडवलेल्या आणि पाचदा उडवलेल्या पुंगळ्या एकत्र मोजू नका, जुनं पितळ कडक होऊन जास्त उसळतं.

शेवटची खात्री रायफलीतच करायची. बोल्टमधून फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा) काढून ठेवले. चेंबरात वापरलेली पुंगळी घातली तर बोल्टचा दांडा अर्ध्यावर थांबला. १.६२९ ची घातली आणि दांडा आपल्या वजनानं खाली आला. मी तो वीसेक वेळा वर नेला आणि पडू दिला.

आता रॅम वर असताना डाय आणि शेल होल्डर यांच्यामधून कागदाएवढी उजेडाची फट दिसते. पत्रकाप्रमाणे ही चूक आहे. तिथे दोन्ही टेकलेच पाहिजेत. या फटीवर माझ्या नव्या पन्नास पुंगळ्यांचा सहावा फेरा झाला, आणि गेल्या रविवारी प्रत्येकीत तीच पिन फिरवली. कुठेही अडली नाही.

आबांना १.६२९ चा फोटो पाठवला होता. त्यांनी फोन करून कॅलिपर कुठला ते विचारलं.