टीव्हीलाच मॉनिटर केलं

जळगावचं ऊन बाहेर पडू देईना, म्हणून आज भाच्याचा कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडला. माउस हलवला की बाण मागून यायचा. टीव्ही प्रत्येक चित्र आधी सजवतो, मग दाखवतो. उशीर तिथं होतो. टीव्हीच्या सेटिंगमधला, ही सजावट टाळणारा गेम मोड चालू केला आणि भाचा आनंदानं ओरडलाच! अक्षरं फाटलेली दिसत होती, तीही इनपुटला 'पीसी' नाव दिल्यावर स्वच्छ झाली.

भुसावळ-धुळ्याकडच्या पोरांनो, नवा मॉनिटर घ्यायच्या आधी घरचा टीव्ही नक्की तपासा. फोर-के, म्हणजे खूप बारीक तपशिलाचं चित्र सेकंदाला ६० वेळा हवं तर एचडीएमआयची (टीव्ही-कॉम्प्युटर जोडायच्या सोयीची) २.० आवृत्ती लागते; १.४ असेल तर ३० वरच अडतं. १२० साठी मात्र २.१ बघा, आणि टीव्हीचा पॅनेलही, म्हणजे पडदाही, तेवढ्या वेळा चित्र बदलणारा हवा.

आईनं शेवभाजी तिथंच आणून दिली. खेळ अजून चालू आहे.