प्राजक्ताच्या देठाने माझी चाचणी मोडली

मागच्या खेपेला मी ठासून लिहिलं होतं की नारिंगी रंगाची जात ओळखायला एक बाटली पुरते. अर्धं पाणी, अर्धं रिफाइंड सूर्यफूल तेल, त्यात कुटलेला नमुना, आणि दोन मिनिटं खळखळून हलवायचं. रंग तेलात गेला आणि सोड्याने लाल झाला तर हळदीची जात, न झाला तर कॅरोटीनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या, तेलात विरघळणाऱ्या द्रव्यांची जात. पाण्यात राहिला तर पळसाची जात. हे विधान आज मागे घेते. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या परसातल्या प्राजक्ताने ते खोटं पाडलं.

आधी जे जमलं ते सांगते. गाजर सरळ वागलं: किसून वाटलं, हलवलं, पाणी जेमतेम गढूळ आणि वरचं तेल सोनेरी-नारिंगी. झेंडूचंही तेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत गेले होते. फुलवाली बाई गिऱ्हाइकाशी ‘चेंडू हूवु’ म्हणत कानडीत भाव करत होती, माझ्याशी लगेच मराठीत. पिवळा आणि गडद नारिंगी असे दोन्ही झेंडू तिच्याकडून घेतले. मला वाटायचं नारिंगीत वेगळं द्रव्य असणार. तसं नाही. दोन्हीकडे मुख्य द्रव्य ल्युटीनच (तेही एक कॅरोटीनॉइड), नारिंगीत ते कितीतरी जास्त साठलेलं असतं, म्हणून रंग दाट. कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात तोही ल्युटीनसाठी, बलकाला रंग यावा म्हणून.

पळसाची फुलं फाल्गुनात खानापूरच्या वाटेवर वेचून वाळवून ठेवली होती. (इकडे पळसाला मुत्तुग म्हणणारेही तितकेच.) गरम पाण्यात टाकताच पाणी पिवळं, तेलाला स्पर्शही नाही. चुन्याची निवळी चमचाभर घातली की तेच पाणी गडद नारिंगी होतं. पळसात कॅरोटीनॉइड नव्हे, फ्लेव्होनॉइड या वनस्पतींतल्या दुसऱ्याच रंगद्रव्यांच्या घराण्यातलं ब्युटीन आणि त्याला साखर जोडलेले त्याचे भाऊबंद रंग देतात. हळद तेलात उतरते, पण सोडा घातला की लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो त्याच गुणामुळे.

आता प्राजक्त. श्रावणात पहिली फुलं पडली तेव्हा घाईने पाकळ्यांसकट वाळत घातली. पावसाळी हवेत तिसऱ्या दिवशी सगळ्याला बुरशी. दुसऱ्यांदा आश्विनात सकाळी सडा वेचला, पांढऱ्या पाकळ्या चिमटीने खुडल्या आणि फक्त नारिंगी देठ्या कागदावर सावलीत पसरल्या. सासूबाई म्हणाल्या, “देवाची फुलं खुडून काय करायलीस ग?” सांगितलं, तशा त्याही पाटावर येऊन बसल्या. त्यांच्या लहानपणी या देठ्यांच्या पाण्यात रुमाल रंगवायचे, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

दोनशेएक देठ्या, पाव पेला कोमट पाणी. दहा मिनिटांत पाणी केशरासारखं पिवळंधमक. तेल घालून हलवलं, तेल कोरंच राहिलं. सोडा घातला, रंगात फरक नाही. म्हणजे तेलात जात नाही म्हणून गाजराच्या घराण्यातला नाही, आणि सोड्याने बदलत नाही म्हणून पळस-हळदीच्याही नाही. दोन दिवस हेच डोक्यात.

उत्तर केशरात सापडलं. प्राजक्ताच्या देठात क्रोसेटीन असतं, आणि केशराचा रंगही त्याचाच. ते कॅरोटीनॉइडच, पण कापलेलं. गाजरातलं बीटा-कॅरोटीन म्हणजे 40 कार्बनची साखळी. तिच्यात एकाआड एक असे 11 दुहेरी बंध सलग येतात आणि ते 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड गिळतात. उरलेला उजेड आपल्याला नारिंगी दिसतो. केशर आपल्या कॅरोटीनॉइडाची दोन्ही टोकं छाटतं आणि मधले 20 कार्बन ठेवतं. मग दोन्ही टोकांना साखर जोडली जाते. रंग देणारा कणा तेलातल्या घराण्याचा, पण अंगावर साखरेचा अंगरखा, म्हणून पाण्यात विरघळतो. मी अंगरखा बघून जात ठरवत होते.

खात्री करायला टीपकागदाच्या पट्ट्या केल्या. खाली एक ठिपका गाजराच्या स्पिरिटमधल्या अर्काचा, शेजारी प्राजक्ताचा, आणि टोक पाण्यात बुडवलं. गाजराचा ठिपका हलला नाही. प्राजक्ताचा पिवळा पट्टा पाण्याबरोबर वर चढला. मग दुसरी पट्टी स्पिरिटमध्ये उभी केली (चुलीपासून लांब, खिडकी उघडी), तर गाजरही चढलं. ही वाट मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1900 च्या दशकात घालून दिली. त्याने काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून पानांचे रंग वेगळे केले, आणि त्याच्या आडनावाचा रशियन अर्थही ‘रंग’. गाजर आणि झेंडू मात्र माझ्या पट्टीवर एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, दोन्ही स्पिरिटबरोबर पार वर पळतात. ज्यांनी दुसरा द्रव वापरून हे साधलं असेल त्यांनी प्रमाण जरूर कळवा.

उन्हाची परीक्षाही सुरू आहे. ब्लाउजमधून उरलेला रेशमी तुकडा तुरटीच्या पाण्यात भिजवून प्राजक्तात बुडवला. सुंदर, उबदार पिवळा आला. अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून आठ दिवस गच्चीवर ठेवला. उघडी बाजू स्पष्ट फिकी पडली आहे. शेजारच्या हळदीच्या तुकड्याची उघडी बाजू तर जवळपास गेलीच.

पुढच्या खेपेला अंगरखा उतरवायचा आहे. प्राजक्ताचं पाणी धुण्याच्या सोड्यात बराच वेळ मंद आचेवर ठेवायचं, निवल्यावर फेस थांबेपर्यंत लिंबू पिळायचं. साखर सुटली असेल तर क्रोसेटीन पाण्यात टिकणार नाही, तळाशी नारिंगी गाळ बसायला हवा. देठ्या वाळताहेत, अजून मूठभर कमी पडतात.