गावभागातून चिवल्यापर्यंत: आमची वाटचाल

आमच्या दुकानात पोहण्याचा पहिला पोशाख शिवला गेला तो घाटावर येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंसाठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीत गावभागात शिलाईचं दुकान चालवायचे. शाळांचे गणवेश, वकिलांचे कोट, लग्नसराईत सफारी. पहाटे मात्र त्यांचं मन नदीत. उन्हाळाभर रोज साडेपाचला विष्णू घाटावरून कृष्णेत उतरायचं, सांगलवाडीचा काठ शिवायचा आणि परत यायचं. आमच्या आळीतली कितीतरी पोरं त्यांनी पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पाण्यात सोडली.

त्या बाईंना पोहायचं होतं, पण बाजारातला तोकडा कॉस्च्युम घालून चारचौघांत उतरायची तयारी नव्हती. पंजाबी ड्रेस पाण्यात पायांना गुंडाळायचा. "अण्णा, तुम्ही शिंपी ना? मग शिवा की काहीतरी," असं त्या म्हणाल्या आणि अण्णांनी सुरतहून नायलॉन-लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, मागवली. साध्या सुईने लायक्रा शिवली की टाके सुटतात आणि कापडाला भोकं पडतात. त्याला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लागते, हे दोन मीटर कापड वाया गेल्यावर कळलं. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा तो पोशाख बाईंनी घातला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मैत्रिणी मापं द्यायला आल्या. आमचा धंदा उभा राहिला तो या बायकांच्या जिवावर. त्यांना पाण्यात उतरायची हौस पूर्वीपासूनच होती, फक्त अंगावर घालायला काही नव्हतं.

मी डिप्लोमा करून दुकानात बसलो तोवर आमचं गिऱ्हाईक म्हणजे नदी आणि तलाव. समुद्र आमच्याकडे आला तो मिरजेच्या एका कॉलेजच्या मुलीमुळे. ती मालवणला चिवला बीचवरच्या स्पर्धेत पाच किलोमीटर पोहून आली होती. पोशाख आमचाच. दुकानात आली, माझ्या पत्नीला आत घेऊन गेली आणि काखेखालची कातडी दाखवली. शिवणीच्या रेषेत बोटभर रुंद लालभडक पट्टा उठला होता. "काकू, तळ्यात काही होत नाही ओ. खाऱ्या पाण्यात ब्लेडसारखं कापतंय."

त्या रात्री आम्ही तो पोशाख उलटा करून टेबलावर पसरला. ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाच्या कडा गुंडाळून घेणारी शिवण आतून दोरीसारखी उभी राहते. पोहताना हात हजारो वेळा फिरतो, दर वेळी ती दोरी त्याच जागी घासते आणि वरून मीठ. तळ्यात अर्धा तास पोहणाऱ्याला हे जाणवतसुद्धा नाही, समुद्रात तीन तास काढणाऱ्याचं अंग सोलून निघतं. म्हणून मोठ्या अंतराचे पोहणारे काखेत, मानेला, मांड्यांना व्हॅसलीन थापून उतरतात. कर्ज काढून फ्लॅटलॉक मशीन घेतलं, त्याची शिवण कापडाच्या पातळीत बसते. पण खरा उपाय माझ्या पत्नीने काढला. तिने काखेतली शिवणच उचलली आणि पाठीकडे चार बोटं सरकवली, काखेत अखंड कापड ठेवलं. आजही आमच्या प्रत्येक पोशाखाचा कट तोच आहे, आणि तो तिचा आहे हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सागरी खाड्यांपैकी शेवटची पार केली, तेव्हा आमच्याकडे येणारी पोरं एकदम मोठी स्वप्नं बोलायला लागली. १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पार केली, ही नावं त्यांना तोंडपाठ. त्या खाडीचा नियम कडक आहे: एक साधा पोशाख, एक टोपी, गॉगल. ऊब देणारं किंवा तरंगवणारं कापड चालत नाही, सोबतच्या बोटीला हात लावला की पोहणं बाद. मुंबईत गेट वेला येणारी धरमतरची ३६ किलोमीटरची वाट असो की मुर्शिदाबादची भागीरथीतली ८१ किलोमीटरची शर्यत, इतक्या लांबवर माणसासोबत जातं ते एवढंच कापड. ते शिवायला मिळतं याचा मला फार अभिमान आहे.

सरावात मात्र दुसरी एक गोष्ट लागते, आणि तिथे अण्णांचा भोपळा परत आला. लाटांत पोहणाऱ्याचं डोकं काठावरून नारळाएवढं दिसतं, मचव्यावरून तर दिसतच नाही. म्हणून कमरेच्या पट्ट्याला भडक नारिंगी फुगा बांधतात, तो मागे तरंगत येतो. आमच्याकडे सगळे त्याला भोपळाच म्हणतात. पीव्हीसीचे दोन तुकडे मशीनवर वितळवून जोडायचे, तोंडाला व्हॉल्व्ह, हातभर दोरी.

पहिल्याच खेपेत आम्ही चुकलो. व्हॉल्व्हभोवतीचा जोड कच्चा राहिला आणि दोन भोपळे पाण्यात तासाभराने मऊ पडले. कुणाला इजा झाली नाही, पण मला आठवडाभर झोप नव्हती. वही काढून प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन केला, सगळा माल परत घेतला, पैसे दिले. तेव्हापासून प्रत्येक भोपळा फुगवून, दगड बांधून, घरामागच्या हौदात एक दिवस आणि एक रात्र बुडवून ठेवतो. बुडबुडा दिसला की कात्रीने कापायचा, दुरुस्त करायचा नाही. आणि प्रत्येकावर मराठीत छापतो: "हे लाइफ जॅकेट नाही. याच्यामुळे तुम्ही फक्त दुसऱ्यांना दिसता."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दुकान छतापर्यंत बुडालं, फ्लॅटलॉक मशीन गाळात गेलं, सुरतेच्या गठ्ठ्यांचा वास आजही नाकात आहे. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. तेव्हा अनेकांनी विचारलं, लाइफ जॅकेट का करत नाही? करावंसं खूप वाटलं. पण त्याला कडक चाचण्या आणि प्रमाणपत्र लागतं, ती सोय आमच्याकडे नाही. ज्याच्यावर कुणीतरी जीव टाकणार ती वस्तू अंदाजाने शिवायची नाही, असं आम्ही ठरवलं. गाळ काढायला घाटावरची मंडळी खराटे घेऊन आली होती. त्या शिक्षिकाबाईही होत्या, निवृत्त झालेल्या. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तोवर मशीनं सांगलीतच, नदीपासून लांब विश्रामबागेत हलवलेली होती.

भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी वाढल्यापासून पालक पोरांना नदीत सोडायला धजत नाहीत. मला याचं वाईट वाटतं, पण त्यांचं चुकत नाही. म्हणून दरवर्षी आम्ही गाडी करून, गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जातो. नवा माल समुद्रात तपासतो आणि सोबत पोरांना नेतो. दिवस पंचांग बघून ठरतो. तिथल्या एका वयस्कर मच्छीमार काकांनी हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा. आणि अष्टमीला भांगाची भरती असते, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी ओढ नसते. शिकणाऱ्या पोरांना तोच दिवस बरा.

अण्णा पंच्याहत्तरीनंतर पहिल्यांदा समुद्रात उतरले ते अशाच एका अष्टमीला. आयुष्य नदीत गेलेलं. छातीएवढ्या पाण्यात पाठीवर पडले आणि बराच वेळ हललेच नाहीत. मी घाबरून जवळ गेलो, तर डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर हसू. "अरे, हितलं पाणी माणसाला धरून ठेवतंय की," म्हणाले. खारं पाणी नदीपेक्षा जड, त्यात अंग वर राहतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांना ते पाठीने कळलं.

आता अण्णांचं एक काम माझ्याकडे आहे. भोपळ्याचा पट्टा दहा वर्षांच्या पोराच्या कमरेवरून घसरतो, तो लहान करून चालत नाही, कारण दोरी पायात येते. अण्णांनी पट्टा खांद्यावरून तिरका घ्यायला सांगितलाय, त्यांच्या डब्याच्या दोरीसारखा. तीन नमुने शिवून हौदात टाकलेत. मार्गशीर्षातल्या अष्टमीला ते चिवल्याला घेऊन जाणार आहोत.