काकांची तपासणी, काकूंचं चालणं

नागपुरात फिजिओथेरपीसाठी लोक येतात ते गुडघा, कंबर, खांदा घेऊन. विसरायला होतंय म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर ‘अल्झायमर, सुरुवातीची अवस्था, चालण्याचा तोल तपासावा’ असं वाचलं तेव्हा मी त्या कुटुंबासाठी दुपारची शांत वेळ राखून ठेवली. मे महिना होता. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, आत कूलरची घरघर.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. नॅरोगेजच्या काळात मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, आयुष्यभर सायकलवर कामाला गेलेले. बरोबर काकू आणि मुलगा. दोन वर्षांपूर्वी काका किराणा आणायला सायकलवर निघाले आणि परतीचा रस्ता चुकले. संध्याकाळी इंदोरा चौकाजवळ सापडले. त्या दिवसापासून सायकलला कुलूप.

“मॅडम, आता आम्ही बाबांना काहीच करू देत नाही. पाणीसुद्धा हातात नेऊन देतो,” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात कर्तव्य केल्याचं समाधान होतं आणि ते खरंही होतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसावर माया करायची म्हणजे त्याला बसवून ठेवायचं, अशीच रीत आहे. पण दोन वर्षं बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्यांचं काय होतं ते मला काका खुर्चीतून उठतानाच दिसलं. दोन्ही हातांनी रेटा दिल्याशिवाय त्यांना उठता येईना.

आमची एक साधी चाचणी असते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका आहे असं समजतात. काकांना सतरा लागले. मग मी म्हटलं, “काका, आता चालता चालता मला भाज्यांची नावं सांगा.”

“वांगं,” काका म्हणाले. दोन पावलं टाकली. “भेंडी.” आणि ते थांबले. खोलीच्या मधोमध, एक पाय पुढे. तिसरं नाव शोधायला त्यांना उभं राहावं लागलं.

चालणं पायांचं काम वाटतं, पण त्यात मेंदूचं लक्ष खर्च होत असतं. तरुणपणी हा खर्च जाणवत नाही. मेंदूकडची शिल्लक कमी झाली की बोलणं आणि चालणं एकाच लक्षासाठी भांडू लागतात. बोलताना पाय थांबवणारी वृद्ध माणसं पुढच्या महिन्यांत जास्त पडतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. तेव्हापासून जगभर ही गोष्ट पाहिली जाते. घरातल्या ज्येष्ठांबरोबर चालताना तुम्हीही पाहू शकता.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “काका, भाज्या राहू द्या. नागभीडच्या गाडीची स्टेशनं सांगा.”

ते निघाले. “इतवारी... उमरेड... भिवापूर... नागभीड.” मधली छोटी छोटी स्टेशनंही आली, मला ऐकूनही माहीत नसलेली. पाय एकदाही थांबला नाही. वळताना पाठ जरा ताठ झाली होती. मुलाने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

त्याला वाटलं, बाबा बरे होऊ शकतात. मला हे तिथेच समजावून सांगावं लागलं. नवी आठवण रुजवण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागाकडे असतं आणि अल्झायमर तिथे फार लवकर पोचतो. वर्षानुवर्षं घोटलेल्या जुन्या गोष्टी मेंदूत दूरवर पसरलेल्या असतात, त्या उशिरापर्यंत टिकतात आणि आठवायला लक्षही कमी लागतं. म्हणून उमरेड आलं आणि तिसरी भाजी आली नाही.

“मग व्यायामानं बाबांची स्मरणशक्ती परत येईल का?”

या प्रश्नाला गोड उत्तर देणारे पुष्कळ आहेत. मी नाही म्हणाले. इंग्लंडमध्ये डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मरण आणि विचार ढासळवणारा आजार, झालेल्या 494 लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जोमदार व्यायामाने त्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण स्मरणाची घसरण मंदावली नाही. तरीही काकांना चालवायचं, कारण पडून खुबा मोडला तर त्यांचं उरलंसुरलं स्वावलंबन जाईल. दिवसा हालचाल झाली तर रात्रीची झोप सुधारू शकते, आणि स्वतःची आंघोळ स्वतः करता येणं ही या आजारात फार मोठी कमाई आहे.

हे बोलत असताना माझं लक्ष काकूंकडे होतं. सगळे रिपोर्ट छातीशी धरून त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मी वय विचारलं. सहासष्ट. बीपीची गोळी चालू, पण रोज आठवत नाही. साखर ‘थोडी’.

“आणि तुमचं चालणं?”

“माझं काय जी, मी तर दिवसभर घरात फिरूनच राहिली.”

पूर्वी त्या रोज संध्याकाळी भजनी मंडळात जात. काकांना एकटं सोडता येत नाही म्हणून तेही बंद झालं होतं. मी त्यांना हात छातीवर घेऊन खुर्चीतून उठायला सांगितलं. तीनदा उठल्या, चौथ्यांदा धाप लागली. बीपी मोजलं, चढलेलं. मग मुलाचंही मोजलं. वय सेहेचाळीस, आयुष्यात कधी मोजलेलं नाही. 148/94, तेही चढलेलंच.

त्या खोलीत व्यायामाने मेंदूचं भलं होण्याची सर्वांत जास्त शक्यता ज्यांच्या बाबतीत होती, त्या दोघांपैकी कुणाच्याही नावाची चिठ्ठी नव्हती. मी खुर्ची ओढून काकूंसमोर बसले.

त्यांना मी 2011 सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगितला. 55 ते 80 वयाची 120 माणसं, डिमेन्शिया नसलेली, पण बैठी. निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चालायचं, निम्म्यांनी नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करायचे. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा जवळपास दीड टक्का आकसला होता. सगळ्याच अभ्यासांत इतकं स्वच्छ चित्र येत नाही, हेही मी सांगितलं. पण मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि प्राणवायू तो खातो वीस टक्के. त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक नसा बीपीने आणि साखरेने खराब होतात. चालण्याने दोन्ही आटोक्यात राहायला मदत होते. शिवाय व्यायामाने बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, पेशींच्या जोडण्या टिकवायला ते लागतं. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. बैठेपणा, बीपी, मधुमेह आणि माणसांत मिसळणं सुटणं, ही चारही त्यात आहेत. काकूंकडे चारही होती.

“म्हणजे मलाही होईल का हो, यांच्यासारखं?” त्यांनी अगदी हळू विचारलं. दोन वर्षं मनात दाबलेला प्रश्न असावा.

होणार नाही याची खात्री मला देता येत नव्हती. धोका कमी करता येतो, हे मात्र मी ठामपणे सांगू शकत होते.

आधी दोघांना फिजिशियनकडे पाठवलं, बीपी आवाक्यात आल्यावर बाकीचं. उन्हाळा म्हणून चालणं पहाटे साडेपाचला, गल्लीतच. कुत्र्यांची भीती म्हणून मुलगा सोबत, म्हणजे त्याचंही आपोआप झालं. सुरुवात दहा मिनिटांपासून, पोचायचं आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत. दोन दिवस ताकदीचे व्यायाम, तीन दिवस ओट्याला हात धरून तोल सांभाळायचा. काकांना क्लिनिकमधल्या स्थिर सायकलवर बसवलं, तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी पेडल ढिलं असल्याचं ओळखून माझ्याकडे पाना मागितला. पेडल त्यांनीच आवळलं.

आता हिवाळा लागलाय. काकांची स्मरणाची चाचणी पूर्वीपेक्षा किंचित खालीच आहे. पण त्या उठून-चालून-बसण्याला तेरा सेकंद लागतात, हातांचा रेटा लागत नाही, आणि एवढ्या काळात ते एकदाही पडलेले नाहीत. संध्याकाळी तासभर सून त्यांच्याजवळ बसते, काकू भजनाला जातात. बीपीची गोळी दात घासल्यावर लगेच घेतात, म्हणून चुकत नाही.

चालण्याचा वेग ओळखायची एक खूण मी त्यांना दिली होती: बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. परवा त्या तक्रार घेऊन आल्या.

“मॅडम, चालता चालता माझा अख्खा अभंग म्हणून होते.”

“मग वेग वाढवा, काकू.”

“यांना मागं सोडून कशी जाऊ?”

त्यावर आम्ही वेळापत्रक बदललं. आता पहिली वीस मिनिटं तिघं काकांच्या चालीने चालतात. मग मुलगा काकांना घरी आणतो आणि काकू एकट्या, भरभर, पुढची वीस मिनिटं चालून येतात.