वजनकाटा कुठे टांगायचा?

अंगणवाडीचा नकाशा घेऊन मी पहिल्यांदा वस्तीत गेले, तेव्हा सेविकाताईंनी तो उलटसुलट फिरवून पाहिला आणि एकच विचारलं, "मॅडम, वजनकाटा कुठे टांगायचा?"

दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन करायचं, वाढीच्या तक्त्यावर टिंब मांडायचं आणि कुठलं मूल मागे पडतंय ते वेळेत ओळखायचं, हे अंगणवाडीतलं बहुधा सगळ्यात मोलाचं काम. झोळीचा काटा ताई छताच्या लोखंडी पाइपाला टांगायच्या. तो पाइप मी नकाशात बांबूच्या छताआड झाकून टाकला होता. पुस्तकांचा कोपरा काढला होता, भिंतींचे रंग ठरवले होते, बुटकी खिडकी दिली होती. काटा मात्र मला सुचलाच नव्हता. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले, दोन वर्षं नोकरी केली, पण चालू अंगणवाडीत एक पूर्ण सकाळ मी कधी बसले नव्हते.

हे सांगताना माझ्या आधीच्या नोकरीबद्दल बोलावं लागेल. तिथे रात्री अकराला घरी निघणं म्हणजे लवकर निघणं. प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन नावापुरतं, आणि सर खोलीत आले की कोणी तोंड उघडायचं नाही. वर्षातून एका रविवारी 'सामाजिक उपक्रम' असायचा. एका वर्षी आम्ही एका अंगणवाडीच्या भिंतीवर फुलपाखरं आणि हत्ती रंगवले, फोटो काढले, वडापाव खाल्ले आणि परतलो. काही महिन्यांनी मी सहज त्या बाजूला गेले तर हत्ती तसाच होता आणि त्याच्या खालच्या नळाला पाणी नव्हतं. मदतनीस मावशी कळशीने पाणी आणत होत्या. आम्ही रंगवत होतो तेव्हाही नळ कोरडाच होता. आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं, इतकंच. त्या दिवशीची लाज अजून गेलेली नाही.

आताचं आमचं ऑफिस पुण्यात आहे, अकरा जणांचं. इथे वस्तीतली कामं नियमाने होतात, म्हणून मी आले. पण सुरुवातीला इथेही ती शनिवारीच व्हायची, सुट्टीत. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं ते यायचे, म्हणजे प्रशिक्षणार्थी आणि माझ्यासारखे नवे. एका सहकारी मैत्रिणीची मुलगी दोन वर्षांची होती. एका मीटिंगमध्ये ती स्पष्ट बोलली, "मला यायचंय, पण शनिवारी नाही. आणि हे काम खरं असेल तर ते कामाच्या वेळेत का नाही?"

खोलीत शांतता पसरली. ऑफिस चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी आठवडाभर विचार केला आणि पुढच्या सोमवारी निर्णय सांगितला. वस्तीतलं काम बुधवारी दुपारी, ऑफिसच्या वेळेत होणार. बंगल्याला किंवा सोसायटीला जसा जॉब नंबर मिळतो तसा अंगणवाडीलाही मिळणार. तास टाइमशीटवर लिहायचे, नकाशे तपासून सही होऊनच बाहेर जाणार, आमचे साइट सुपरवायझर तिकडेही फेरी मारणार. वर्षाच्या फीमधून त्यासाठी रक्कम आधीच बाजूला काढली जाणार.

हा बदल कागदावर लहान दिसतो, पण त्याआधी क्लायंटचा फोन आला की वस्तीचा नकाशा ढिगाच्या तळाशी जायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नंबर मिळाल्यावर त्याला तारीख मिळाली, आणि तारीख चुकली तर जाब विचारणारं माणूसही. माझ्या नकाशात काटा नव्हता हे ताईंनी दाखवलं, तेव्हा तो नकाशा ऑफिसात इतर कुठल्याही चुकलेल्या नकाशासारखा परत आला. "सेवाभावाने केलंय, चालेल" असं कोणी म्हणालं नाही. त्याबद्दल मी ऑफिसची ऋणी आहे.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंगणवाडी भरायची ती पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत, पत्र्याच्या समाजमंदिरात. सलग तीन बुधवार मी तिथे नुसती बसले, दोनदा सकाळपासून. सकाळी तीन ते सहा वर्षांची मुलं, दुपारी बचत गटाच्या बायका, संध्याकाळी मंडळाच्या पोरांचा कॅरम. कोपऱ्यात मंडळाचे ढोल-ताशे गोणपाटात गुंडाळून ठेवलेले. एका खोलीचे हे तीन संसार, आणि मी फक्त सकाळचा काढला होता.

जागा कशी वाटायची हे ठरवायला आम्ही कागद बाजूला ठेवला. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात महिला मिलन ही आपली संघटना उभी केली. कापड आणि बांबू वापरून खऱ्या मापाचं घर उभं करायचं आणि त्यात वावरून बघायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या पुण्यात येरवड्यालाही २००९ नंतर शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या बीएसयूपी योजनेतून लोकांना न हलवता घरं बांधली गेली. पक्की घरं तशीच राहिली आणि कच्च्यांच्या जागी साधारण २७० चौरस फुटांची नवी उभी राहिली. त्या कामातही महिला मिलनच्या बायका होत्या. मॅडमनी ती घरं आम्हाला हिंडून दाखवली होती. तोच धडा गिरवत आम्ही समाजमंदिराच्या फरशीवर खडूने कपाटं आखली आणि दोरीवर साड्या टांगून आडोसे केले.

अर्ध्या तासात जे कळलं ते महिनाभर संगणकावर कळलं नसतं. मला प्रिय असलेली बुटकी खिडकी ताईंनी काढायला लावली, कारण पावसाळ्यात गल्लीतलं गटार तिच्या उंबऱ्यापर्यंत चढतं. ढोलांसाठी पोरांनी स्वतःच मचाण सुचवलं, खालची जागा मुलांच्या चटयांना. काट्यासाठी छताखाली वेगळा आडवा दांडा आला, दाराजवळ, जिथे रांग लावता येते आणि ताईंना आकडा उजेडात वाचता येतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उतारात. गल्लीतली चार वर्षांची एक मुलगी वॉकर घेऊन चालते, आणि रोज तिची आजी तिला कडेवर उचलून आत ठेवायची. जोतं दीड फूट उंच. एकास बारा हा उताराचा नियम धरला तर रॅम्प अठरा फूट लांब हवा, आणि समोरची गल्ली जेमतेम पाच फुटांची. बाजूच्या भिंतीलगत जागा होती, पण तिथे शेजारच्या काकूंचा धुण्याचा दगड होता. काकू म्हणाल्या, "तीस वर्षं हितंच धुते मी. दगड हलणार न्हाई."

चूक आमचीच होती. आम्ही त्यांना गाठलं ते दगड हलवायचं ठरवून झाल्यावर. ऐन दुपारी त्यांच्या उंबऱ्यावर बसून मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला, दगडाबद्दल मात्र काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या बुधवारी आमच्या गवंडी मिस्त्रींनी त्यांच्याशी बोलून तोड काढली. दगड दोन फूट पुढे जाईल, पण त्याखाली ओटा होईल आणि पाणी थेट गटारात जाईल असा पन्हाळ होईल, म्हणजे काकूंना चिखलात उभं राहावं लागणार नाही. ओट्याची उंची काकूंनी स्वतः उभं राहून, कंबरेला हात लावून ठरवली.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. जागा महापालिकेची, म्हणून क्षेत्रीय कार्यालयाचं ना हरकत पत्र, आणि अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प कार्यालयाचं. चार महिने लागले. अर्जाला ताईंचं आणि मंडळाचं संयुक्त पत्र जोडल्यावर गाडी हलली, ते आधीच जोडायला हवं होतं.

काम स्वतः पाच आठवड्यांचं. पत्र्यावर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या लेपाचे दोन हात, खाली बांबूच्या चटईचं छत, समोरासमोरच्या भिंतींत वर जाळ्या. आदल्या एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता खोलीत आमच्या तापमापकावर ३९ अंश दिसले होते. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेळी, बाहेर तसंच ऊन असताना, ३५. फार गार नाही, पण मुलं जेवून तिथेच झोपायला लागली. आधी मावशी त्यांना झाडाखाली घेऊन बसायच्या.

ऑफिसातही या कामातून एक पद्धत आली. वस्तीतल्या पहिल्या बैठकीत ताईंच्या वरिष्ठ, पर्यवेक्षिका बाई होत्या तोवर ताई एक शब्द बोलल्या नव्हत्या. वजनकाट्याचा प्रश्न त्यांनी विचारला तो बाई निघून गेल्यावर. ही गोष्ट मी शुक्रवारच्या आमच्या आढाव्यात सांगितली. त्या आढाव्यात नकाशे भिंतीवर लागतात आणि तोवर मॅडम आधी बोलायच्या. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे इथे पर्यवेक्षिका मी आहे." तेव्हापासून आढावा सगळ्यात नव्या प्रशिक्षणार्थीपासून सुरू होतो आणि मॅडम शेवटी बोलतात. पहिल्या काही शुक्रवारी ती मुलं नुसती "छान आहे" म्हणायची. पावसाळ्याच्या सुमारास एका मुलीने माझ्याच सोसायटीच्या नकाशावर बोट ठेवलं आणि कचरा वेचणाऱ्या ताई डबे कुठून नेणार ते विचारलं. जिन्याशिवाय वाटच नव्हती. तो नकाशा मी बदलला.

पांढरा लेप दोन-तीन वर्षांत मळतो, पुन्हा द्यावा लागतो. तेही ऑफिसच्या कॅलेंडरात त्याच जॉब नंबरखाली लिहिलेलं आहे. या फेब्रुवारीत मी आठवण करायला फोन केला, तर मंडळाच्या पोरांनी पत्रा आधीच घासून धुतला होता. ताई म्हणाल्या, येताना काट्याच्या दांड्यासाठी नवा हूक आणा, जुना झिजलाय.