चष्मा काढा

पित्ताशयात खडे आहेत हे सोनोग्राफीत कळलं, तेव्हा मी फारशी घाबरले नव्हते. दुर्बिणीतून ऑपरेशन, पोटावर चार बारीक भोकं, दोन दिवसांत घरी. रक्त, ईसीजी, एक्स-रे सगळं होऊन फिटनेसही मिळाला. घाबरले ती ऑपरेशनच्या दिवशी, आणि ते भलत्याच गोष्टींना.

नंबर सकाळी नऊचा होता. रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद. पहाटे बीपीची गोळी घ्यायची की नाही, यावर वॉर्डातल्या तिघींची तीन मतं. शेवटी ह्यांनी भुलेच्या डॉक्टरांना फोन लावला. "एका घोटाबरोबर घेऊ द्या," एवढंच उत्तर होतं.

नऊ वाजले, दहा वाजले. कुणी फिरकेना. माझ्या ईसीजीत नक्की काहीतरी निघालंय आणि मला सांगत नाहीयेत, असं मी ठरवूनच टाकलं. अकराला फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या, "अवो, सिझर आलंय मधीच. तुमचं दुपारी." हे दोन वाक्यांचं काम होतं. त्यासाठी मी दोन तास देवाचं नाव घेत बसले होते.

त्यानंतर भुलेचे डॉक्टर आले. घसा कोरडा पडलाय म्हटल्यावर त्यांनी अर्धा पेला पाणी द्यायला लावलं. पोटात अन्न असलं तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते, म्हणून खाणं निदान सहा तास आधी बंद; साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे. मग मी धीर करून विचारलं, "मध्येच जाग आली तर?" ते हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. म्हणाले, "भूल एकदा देऊन मी निघून जात नाही. शेवटपर्यंत तुमच्या उशाशीच असतो, औषध चालूच असतं."

सकाळी सही घेताना संमतीपत्रात एक ओळ होती: गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया. ती मी दोनदा वाचली. असं क्वचितच करावं लागतं, पण ते ओपीडीत सांगायचं की सलाईन लावल्यावर?

मग उतरवाउतरवी. बोटाला लावायच्या यंत्राला अडथळा नको म्हणून नेलपॉलिश पुसलं. आत विजेचं उपकरण वापरतात, अंगावर धातू नको, म्हणून पाटल्या, मंगळसूत्र सगळं ह्यांच्या खिशात गेलं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "चष्मा काढा." माझा नंबर उणे सात. ट्रॉली निघाली तेव्हा मला छताचे दिवे म्हणजे नुसते पांढरे डाग दिसत होते. ऑपरेशन थिएटरात हुडहुडी भरेल इतकी थंडी, हिरवे आकार, तोंडं झाकलेली. कोण काय बोलतंय कळेना. तिथे मला तिसऱ्यांदा नाव आणि ऑपरेशन विचारलं तेव्हा चीड आली, एवढंही माहीत नाही का ह्यांना! जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशी खात्री करून घेण्यासाठी तपासणी-यादीच आणली आहे, हे घरी आल्यावर भाचीकडून कळलं. ती नर्स आहे.

जाग आली ती घसा दुखत होता म्हणून. भुलेची नळी घातल्याने तसं होतं म्हणे. मी पहिला शब्द उच्चारला तो "चष्मा". ट्रॉलीवाल्या मामांनी तो बाहेरून आणून अलगद कानांवर ठेवला. समोर हे. दोन तास दाराशी उभे होते, आतून कुणी एक शब्द सांगितला नव्हता. हातात खड्यांची बाटली.

रात्री उजवा खांदा असा दुखायला लागला की मला वाटलं, आता हृदयच. सिस्टर धावत आल्या. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला त्रास होतो आणि दुखतं खांद्यात. एक-दोन दिवसांत जातं.

"सगळ्यांनाच होतं हो," त्या म्हणाल्या.