शून्य टक्के, शून्य सेकंद

महिनाअखेरचं पोस्टिंग, म्हणजे हिशेबाच्या नोंदी चढवणं, चालू होतं. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा, एकच ट्रान्झॅक्शन (सगळे बदल होतील किंवा एकही नाही, असा गठ्ठा), त्यात आमचा मुख्य सर्व्हर आणि लिंक्ड सर्व्हर म्हणून जोडलेले दोन. त्यातल्या एकाचं नेटवर्क मधेच गेलं आणि परत आलं, पण तोवर ब्लॉकिंगची, म्हणजे लॉक सुटायची वाट बघणाऱ्या कामांची, रांग लागली होती. रांगेच्या मुळाशी सेशन ८७, म्हणजे पोस्टिंगचीच जोडणी.

मी बघेपर्यंत सहकाऱ्याने ८७ वर चार वेळा किल (सेशन तोडायची आज्ञा) मारलं होतं. स्टेटस विचारला की दर वेळी तेच: रोलबॅक (बदल मागे घेणं) चालू, पूर्ण ० टक्के, उरलेला वेळ ० सेकंद. हे वाचून माणसं घाबरतात आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायला धावतात. या सवयीचा मला मनापासून राग येतो. डीटीसीकडून (अनेक सर्व्हरवरचं ट्रान्झॅक्शन जुळवणारी सेवा) ट्रान्झॅक्शनचा निकाल कळला नाही, तर रीस्टार्टनंतर डेटाबेसची रिकव्हरीच अडकू शकते.

८७ ची वेट, म्हणजे थांबण्याचं कारण, होती ओएलईडीबी. पलीकडच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी ते कॉलमध्ये अडकून पडलं होतं, आणि तिथून परत येईपर्यंत किलचा निरोप त्याला कळणारच नव्हता. मग दूरच्या सर्व्हरवर आमचं होस्टनेम आणि लिंक्ड सर्व्हरचं लॉगिन लावून जोडीदार सेशन हुडकलं. ते मारलं आणि काही सेकंदांत ८७ सुटलं.

तिसऱ्या सर्व्हरवर मात्र लॉक तसेच. डीएम_ट्रान_लॉक्समध्ये (सर्व्हरची लॉकची यादी) सेशन नंबर उणे २, म्हणजे मालक गेलेलं, बेवारस डिस्ट्रिब्युटेड (अनेक सर्व्हरवर पसरलेलं) ट्रान्झॅक्शन. किल उणे २ चालत नाही. त्याच ओळीतला रिक्वेस्ट_ओनर_जीयूआयडी, म्हणजे त्या ट्रान्झॅक्शनचा आयडी, उचलून त्यावर किल द्यावं लागतं. तो ३६ अक्षरी आयडी मी पेस्ट केला आणि थांबलो. बाकीच्या सर्व्हरांनी कमिट केलं (बदल पक्के केले) असेल आणि मी इथे रोलबॅक केलं, तर हिशेब कायमचा फाटणार.

जोडीदार सेशन मारण्याआधी ८७ ची रिक्वेस्टची ओळ (ते त्या क्षणी काय चालवत होतं ते) मी सवयीने नोटपॅडमध्ये घेतली होती. चालू स्टेटमेंट होतं दूरचं अपडेट. प्रोसीजरमध्ये कमिट त्याच्या बरंच खाली. म्हणजे कमिट कुठेच झालेलं असणं शक्य नव्हतं. एंटर दाबलं. नंतर तिन्हीकडे त्या बॅचच्या ओळी मोजल्या: शून्य, शून्य, शून्य. पोस्टिंग पुन्हा लावलं.

पण ८७ सुटलं तशी ती ओळ सर्व्हरवरून गेलीच होती. नोटपॅडमध्ये नसती, तर त्या आयडीपुढे रोलबॅक लिहायचं की कमिट, हे मी कशाच्या आधारावर ठरवलं असतं, ते मला अजून सांगता येत नाही.